दोन विश्वासू माणसं

माझा वाढदिवस १ जूनला असतो. माझ्या चुलतभावाचाही १ जूनलाच. आमच्या वर्गात एका बाकावर आम्ही तिघं बसायचो, त्या तिघांचाही १ जून. माझ्या वयाच्या कोणत्याही गावच्या माणसाला विचारा, निम्मे तरी १ जूनचे निघतील. जूनमध्ये शाळा उघडायची. बापूस पोराला हाताला धरून शाळेत न्यायचा. गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" बापूस म्हणायचा, "पाऊस लई झालेला त्या साली." मग गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज करायचे आणि सहा वर्षं पुरी होतील अशी १ जून लिहून मोकळे व्हायचे.

माझी तारीख १ जून १९६१. आमची आय सांगायची ते वेगळं. ती म्हणायची, "अष्टग्रहीच्या येळंला तू झालास. सगळी म्हनत होती दुनिया बुडनार, नि माझ्या मांडीवर तू." अष्टग्रही झाली ती फेब्रुवारी १९६२ च्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे कागदावर मी आठ महिन्यांनी मोठा आहे. १९७७ ला दहावी झालो, त्याच्या दाखल्यावर तीच तारीख, मतदार यादीत तीच, आधार कार्डावर तीच. ती दुरुस्त करावी असं मला कधी वाटलं नाही. कोणाचं काय बिघडलं त्यात?

असा मी, कागदाच्या खरेखोटेपणाकडे काणाडोळा करणारा माणूस. त्यामुळे गेल्या साली एका सहीवरून मी अडून बसलो तेव्हा घरातल्यांना नवल वाटलं. राग आला म्हटलं तरी चालेल.

गोष्ट अशी. आम्ही तुळिंजचे. नालासोपारा स्टेशनला उतरून पूर्वेला आलं की आता नुसत्या इमारती आणि चाळी दिसतात. माझ्या लहानपणी तिथं भातखाचरं होती. डोंगरीच्या पायथ्यापर्यंत हिरवं. आमचं भात डोंगरीच्या अंगाला. आम्ही दोघं भाऊ. मी थोरला, धाकला माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. १९९८ ला त्याला मुलगा झाला आणि २००० साली धाकला अपघातात गेला. पोर दोन वर्षांचं. भावजय बावीस-तेवीसची. वर्षभर ती आमच्यात राहिली. मग तिच्या भावांनी वाड्याकडे तिचं दुसरं लावून दिलं. मी अडवलं नाही, अडवायचं कारणही नव्हतं. निघताना ती मला म्हणाली, "दादा, पोर तुमच्याकडं ठेवते. तिथं त्याची आबाळ व्हईल." आम्हाला दोन मुली. माझ्या बायकोनं पोर उचललं ते आजतागायत खाली ठेवलं नाही.

२००४ ला त्याला शाळेत घातलं. शाळेनं जन्माचा दाखला मागितला. दाखला घरी पत्र्याच्या पेटीत होता. मी म्हटलं, सापडत नाही. आणि वडिलांच्या जागी माझं नाव सांगितलं. का सांगितलं? पोरांनी त्याला बिनबापाचा म्हणू नये म्हणून. त्या वेळी मला ते खोटं वाटलंच नाही. गुरुजींनी माझी १ जून लिहिली, तसं मी त्याला माझं नाव लिहिलं.

आपल्याकडे नावाची एक गंमत आहे. बापाचं नाव वेगळ्या रकान्यात राहत नाही, ते पोराच्या नावात मधोमध येऊन बसतं. पोरगा जितक्या वेळा आपलं नाव लिहील तितक्या वेळा बापाचं लिहील. वीस वर्षं तो माझं लिहीत आला. धाकल्याचं नाव राहिलं फक्त दोन कागदांवर. एक जन्माचा दाखला, दुसरा सातबारा.

सातबारावर वारस नोंद झाली तेव्हा धाकल्याच्या नावाला कंस आला. खाली पोराचं नाव चढलं, त्यापुढे अ.पा.क. म्हणून माझं, आणि भावजयीचं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. शेतकऱ्यांच्या घरात हे तीन शब्द सगळ्यांना ठाऊक असतात. पोर सज्ञान नाही तोवर त्याच्या वाट्याची राखण करणारा. मालक नव्हे. तो अठराचा झाला तसा मी अर्ज करून तो शेरा काढून घेतला. तेव्हा तलाठी कार्यालयात त्यानं आपलं नाव सातबारावर बघितलं होतं, मधे धाकल्याचं नाव असलेलं. बघितलं आणि गप्प राहिला. त्याला लहानपणापासून सगळं ठाऊक होतं. गावात असली गोष्ट लपत नाही आणि आम्ही लपवलीही नव्हती. फक्त कागदावर लपवली होती.

गेल्या साली, २०२५ च्या जानेवारीत, सूनबाईला तिसरा महिना लागला. पोरगा म्हणाला, "बाबा, बाळ यायच्या आधी माझे कागद सरळ करून घेऊ." त्याचं बरोबर होतं. आमच्या वेळी जन्माचा दाखला म्हणजे पेटीतला एक कागद होता. आता तसं राहिलं नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा २०२३ ला बदलला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला शाळा, मतदार यादी, पासपोर्ट, वाहनाचा परवाना, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मतारीख आणि जन्मठिकाण दाखवायला हाच एक दाखला चालतो. गुरुजींच्या १ जूनचे दिवस संपले. बाळाच्या दाखल्यात बापाचं पूर्ण नाव जाणार, ते एकदा गेलं की गेलं.

पेटी उघडली. दाखला काढला. त्यात एक खरीखुरी चूक होती. आईच्या नावाच्या जागी भावजयीचं माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव होतं. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं. बाळंतपणाला तिच्यासोबत तिचा भाऊ गेलेला, त्याच्या तोंडी बहिणीचं जे नाव होतं ते त्यानं सांगितलं. ती चूक दुरुस्त करायलाच हवी होती. त्या वेळी नोंद नगरपरिषदेत झालेली. २००९ ला नगरपरिषदा जाऊन वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, तेव्हा ती दप्तरं तिकडे गेली. म्हणून आम्ही प्रभाग कार्यालयाकडे निघालो. आणि कार्यालयाच्या बाहेरच, जसा प्रत्येक कार्यालयाच्या बाहेर असतो तसा, एक माहीतगार भेटला.

त्यानं दाखला बघितला, शाळेचा दाखला बघितला आणि हसला. म्हणाला, "काका, आईचं नाव बदलायचंच आहे ना? मग एकाच खेपेत बापाचंही बदलून टाका. आई म्हणून काकींचं, बाप म्हणून तुमचं. सगळे कागद एकसारखे. कटकट मिटली."

मी विचारलं, "असं होतं?"

"चूक झाली म्हणायचं. चूक दुरुस्त करायची कायद्यात सोय आहे. प्रकरणाची माहिती असलेली दोन विश्वासू माणसं लागतात, त्यांनी लिहून द्यायचं. तुम्ही दोघं आहातच. तुमच्याहून विश्वासू कोण?"

घरी येऊन मी कायदा बघितला. आता मोबाइलवर सगळं मिळतं. पंधरावं कलम आहे. नोंद चुकीची असेल, किंवा फसवून केलेली असेल, तर निबंधकाला ती दुरुस्त करता येते. पण मूळ नोंदीला हात लावायचा नाही. समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. आणि मोठी चूक असेल तर दोन विश्वासार्ह माणसांनी लिहून द्यायचं, की चूक काय होती आणि खरं काय आहे.

दोन विश्वासू माणसं. ते शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. म्हणजे मी आणि माझी बायको लिहून देणार की १९९८ साली जे पोर जन्मलं ते आमचं, आणि बाप म्हणून धाकल्याचं नाव लागलं ती लिहिणाऱ्याची चूक. माझा भाऊ, जो तीन दिवस त्या प्रसूतिगृहाच्या दारात बसून होता, ज्यानं खळ्यावरून भात विकून बिल भरलं, तो चुकून लिहिला गेला होता.

मी म्हटलं, मी सही करणार नाही.

बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते असं, की मला उत्तर सुचेना. ती म्हणाली, "दोन वर्षं बाप झाला तो खरा, आनि पंचवीस वर्षं तुम्ही बाप झालात ते खोटं? त्याला गोवर आला तवा कोन बसलेलं उशाशी? मी काय कोनाचं चोरून घेते? माझंच नाव मागते." पोरगाही म्हणाला, "बाबा, मला तुमचंच नाव पाहिजे. मी दुसरं कधी लिहिलंय का?"

माया असलेली माणसं खोटं मागत होती आणि मी खऱ्याच्या बाजूनं बसून सगळ्यांना दुखवत होतो. खरं सांगायचं तर मलाही ते नाव हवं होतं. नातवाच्या दाखल्यातल्या बापाच्या नावात मी मधोमध बसावं, हे कोणाला नको असेल? आणि मग माझ्या १ जूनचं काय? ते खोटं मला साठ वर्षं खुपलं नाही, मग हेच का खुपावं? हा प्रश्न पोरानं विचारला आणि तो रास्त होता.

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. शेतावर बांधावर बसून केला. आणि बांधावरच मला त्याचं उत्तर थोडंफार लागलं. बांध कोरणं हा आमच्याकडचा जुना धंदा. नांगरताना दरसाल एक तास बांधाला लागून जास्त मारायचं. कोणाला दिसत नाही. दहा वर्षांत बांध दोन हात सरकतो. ज्याच्या बाजूला सरकला तो गावात असेल तर भांडतो. तो मेला असेल, मुंबईला असेल, पोर लहान असेल तर कोण भांडणार? म्हणून आपला बापूस सांगायचा, की शेजारी हजर नसेल तेव्हा नांगर बांधापासून चार बोटं लांब धर.

गुरुजींच्या १ जूननं कोणाचा बांध कोरला नाही. ते अंदाजानं लिहिलं होतं, कोणाच्या वाट्यातून काढून नव्हे. इथं मात्र दोन शेजारी गैरहजर होते. एक कायमचा, दुसरी वाड्याकडे आपल्या संसारात. भावजयीनं पोर आमच्याकडे ठेवलं होतं, ते आपण जन्म दिलाच नाही असं म्हटलं नव्हतं. तिला न विचारता तिचं बाळंतपण कागदावरून पुसायचं?

आणि आणखी एक गोष्ट, जी मी घरात कोणाला लवकर बोललो नाही. दाखल्यात बाप म्हणून माझं नाव आलं तर धाकल्याला मूल नव्हतं असा अर्थ होतो. मग सातबारावर पोरगा धाकल्याचा वारस कसा? तुळिंजमध्ये आज गुंठ्याला काय भाव आहे ते मी सांगायला नको. उद्या कोणी, माझ्या जावयांपैकी का असेना, तो कागद पुढे करून म्हणेल की धाकला बिनवारस गेला, त्याचा वाटा थोरल्याकडे आला पाहिजे. आज आमच्या मनात तसं नाही. पण मायेनं दिलेलं खोटं आणि लोभानं दिलेलं खोटं यांचा कागद एकच असतो. शिक्का तोच, सही तीच. वाचणाऱ्याला त्यात माया दिसत नाही.

मग मी मनाला विचारलं, जमीन नसती तर सही केली असतीस का? मन म्हणालं, बहुतेक केली असती. याची मला लाज वाटली. म्हणजे मी काही फार सत्यवादी नाही. लोक काय म्हणतील या भीतीनं मी थबकलो आणि थबकल्यावर खरं दिसलं. पण दिसल्यावर पाठ फिरवता येत नाही, इतकंच.

बायकोच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं ते असं. म्हटलं, "दाखला विचारतो की हे पोर कोणाच्या पोटी झालं, कधी झालं, कुठं झालं. तो असं विचारत नाही की गोवरात उशाशी कोण बसलं. त्याला जेवढं विचारायचंय तेवढ्याचंच खरं उत्तर देऊ. तू केलंस त्याला रकाना नाही. रकाना नाही म्हणून ते झालं नाही असं नाही." ती म्हणाली, "बोलायला सोपं हाय." ते खरंच होतं.

आणि आमच्यासाठी सरळ दरवाजा एके काळी उघडा होता, हेही मी कबूल केलं. भावजय इथं असताना तिच्या संमतीनं रीतसर दत्तक घेता आलं असतं. आम्हाला मुलगा नव्हता, पोर दोन वर्षांचं होतं. दत्तकपत्र नोंदवलं असतं तर कायद्यानंच आमची नावं आई-बाप म्हणून लागली असती, कोणाला खोटं न पाडता. आम्ही म्हटलं, घरचंच पोर आहे, त्याला कागद कशाला? दत्तकाला वयाची अट आहे, पंधरा वर्षं. ती केव्हाच उलटली. दरवाजा उघडा असताना आळस केला आणि आता खिडकीतून चढायला निघालो, हा दोष आमचा. त्याचा भार धाकल्यावर का टाकायचा?

आमच्या शेजारीच, रेल्वेच्या पलीकडे सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथं सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शाळेत असताना त्याचं मला काही वाटलं नव्हतं. मागे वाचनालयात एका पुस्तकात वाचलं, की अशोकाचे हे लेख चौदा आहेत, सोपाऱ्याला त्यातल्या आठव्याचा आणि नवव्याचा तुकडा सापडला. आणि दुसरीकडे, गिरनारसारख्या ठिकाणी, जो शेवटचा चौदावा आहे, त्यात राजा म्हणतो की कुठं काही अपुरं लिहिलं गेलं असेल तर ते लिहिणाऱ्याच्या चुकीमुळेही असेल. दगडावर कोरून घेणारा एवढा मोठा राजा, आणि त्यानं चुकीला जागा ठेवली. चूक होणारच हे त्याला ठाऊक होतं. पण लिहिणाऱ्याची चूक म्हणायची ती खरोखर लिहिणाऱ्याची असेल तेव्हा. आपल्याला नको असलेलं खरं त्याच्या माथी मारायचं, ही त्याच्यावर बालंट घेण्याची गोष्ट झाली.

मला समासाची रीत फार आवडली. कायदा म्हणतो जुनं खोडू नका, बाजूला लिहा. सातबारा म्हणतो नाव पुसू नका, कंसात घाला. जुनं दिसत राहतं, दुरुस्तीही दिसते, कोणी आणि कधी केली तेही दिसतं. घरातही असंच करता येतं की. धाकला बाप, आणि बाजूला, समासात, आम्ही.

शेवटी आम्ही दोघं, पोरगा आणि मी, वाड्याला गेलो. भावजय आता चाळिशी पार केलेली, केस पिकायला लागलेले. तिच्या लग्नाच्या वेळची पत्रिका तिनं ट्रंकेत ठेवली होती, तिच्यावर दोन्ही नावं होती. मी विचारलं, "ही अजून ठेवलीस?" ती म्हणाली, "फेकायला जीव झाला नाही, दादा." तिनं सही केली. पोराला बघून रडली नाही, जेवायला मात्र तीनदा वाढलं. निघताना कोलमचं पोतं गाडीत टाकलं. परत येताना पोरगा विरारपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर होतं." मी म्हटलं, "बरोबर होतं का ठाऊक नाही. कमी चूक होतं."

जन्माच्या दाखल्यात आईचं नाव दुरुस्त झालं. त्यासाठी दोन विश्वासू माणसं लागली. एक मी. दुसरी माझी बायको. तिनं लिहून दिलं की हे मूल माझ्या जावेचं, आणि तिचं लग्नानंतरचं नाव हे. मी तिला सही कर म्हटलं नव्हतं. तिनं स्वतःच पदर खोचला आणि म्हणाली, "चला, मला माहिती हाय ना प्रकरनाची." त्या सहीला काय लागलं ते मला ठाऊक आहे.

शाळेच्या दाखल्यासाठी मी वेगळं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात लिहिलं की २००४ साली वडिलांच्या जागी माझं नाव मी सांगितलं, शाळेची त्यात चूक नाही. टायपिंगवाला म्हणाला, "काका, एवढं कशाला? नजरचुकीनं म्हणा." मी म्हटलं, नजर ठीक होती. ते प्रकरण मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलं आहे आणि अजून फायलीत आहे. राजपत्रात नावाचा बदल मात्र येऊन गेला, आधारही बदललं.

माझी १ जून मी तशीच ठेवली आहे. अष्टग्रहीच्या आधी झालो की नंतर, हे सांगणारी आय आता नाही. जे खरं मलाच ठाऊक नाही ते दुरुस्त काय करणार?

श्रावणात बाळ झालं. मुलगी. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचंही नाव लागतं, आधी आईचं, मग बापाचं. बायकोला ते फार बरं वाटलं. दवाखान्यात पोराच्या हातात फॉर्म आला. तोवरचे सगळे अर्ज संगणकावाल्यानं भरले होते, यानं फक्त सह्या केल्या होत्या. हातानं लिहायची ही पहिलीच वेळ. 'वडिलांचे पूर्ण नाव' या रकान्याशी तो थांबला. स्वतःचं नाव लिहिलं, मग पेन वर धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा," तो म्हणाला, "वडिलांच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी?"

मी सांगितलं, पहिली.